राजकारणाला बंदी, व्यासपीठ मोकळे : रत्नागिरीतील सावरकर (१९२४–१९३७)

१/
जानेवारी १९२४. चाळिशीतला एक माणूस रत्नागिरीत राहावयास आला. त्याची बी. ए. ची पदवी मुंबई विद्यापीठाने काढून घेतली होती. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा करूनही त्याला सनद मिळाली नव्हती. पन्नास वर्षांच्या शिक्षेपैकी जवळजवळ चौदा वर्षे बंदिवासात गेली होती, त्यांतली दहा अंदमानात. आता तुरुंगाचे दार उघडले होते, पण राजकारणाचे दार बंद झाले होते. हा माणूस म्हणजे विनायक दामोदर सावरकर. राजकीय जीवन संपलेले असताना वाणी आणि लेखणी यांवर त्यांनी जे दुसरे सार्वजनिक जीवन उभे केले, त्याची ही हकीकत.

२/
६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून झालेली ही सुटका सशर्त होती. पहिली अट अशी की, रत्नागिरी जिल्ह्यातच राहावे आणि सरकारच्या परवानगीवाचून जिल्ह्याची हद्द ओलांडू नये. दुसरी अट अशी की, उघडपणे वा खाजगी रीतीने कोणत्याही राजकीय कार्यात भाग घेऊ नये. मुदत पाच वर्षांची होती आणि ती वाढविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती राखला होता. सावरकरांनी या अटी लेखी मान्य केल्या. पुढे मुदत वारंवार वाढत गेली आणि पाच वर्षांची तेरा वर्षे चार महिने झाली.

३/
रत्नागिरीच का? एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. रेल्वे नाही. मुंबईहून यायचे तर आगबोटीने, घाटावरून यायचे तर आंबा घाट उतरून. नको असलेली माणसे दूर ठेवण्यासाठी ही जागा सरकारच्या परिचयाची होती. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली येथेच आणला गेला आणि १९१६ साली येथेच वारला. थिबाला राजवाडा मिळाला, पण बोलायला माणसे नव्हती. त्याची भाषाच येथे परकी होती. सावरकरांच्या बाबतीत मात्र सरकारचा हा हिशेब चुकला. त्यांना दूर ठेवले गेले ते त्यांचीच भाषा बोलणाऱ्या मुलखात.

४/
त्या काळी दूरवर आवाज पोचविण्याची साधने कोणती होती? इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई नभोवाणी केंद्र सुरू झाले ते जुलै १९२७ मध्ये, आणि त्याचे श्रोते मूठभर. रत्नागिरीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते थेट १९७७ साली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या दशकांत कोकणचे प्रसारण म्हणजे देवळातले कीर्तन, गणपतीतले मेळे, पटांगणातले व्याख्यान, संगीत नाटक आणि बोटीच्या टपालाने येणारे वर्तमानपत्र. सावरकरांनी यांतले बहुतेक प्रत्येक साधन हाती घेतले.

५/
पण बोलायचे कशावर? राजकारण कोठे संपते आणि समाजकारण कोठे सुरू होते, हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा होता. ही रेघ किती बारीक आहे, ते लवकरच कळले. वायव्येकडील कोहाटच्या दंगलींसंबंधी १९२५ साली त्यांनी लेख लिहिला, तेव्हा सरकारने त्यांच्याकडे जाब मागितला. अस्पृश्यता, जातिभेद, भाषा, लिपी, धर्मसमजुती हे विषय मात्र अटींच्या बाहेर राहिले. १९२४ च्या जानेवारीतच रत्नागिरी हिंदुसभा स्थापन झाली आणि व्याख्यानांना संस्थेचा आधार मिळाला.

६/
या व्याख्यानांचा गाभा त्यांनी सात शब्दांत बांधला होता : वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी. हिंदू समाजाने आपल्याच पायांत ठोकलेल्या या सात स्वदेशी बेड्या. वेदाध्ययनाचा अधिकार, धंद्याची निवड, स्पर्श, परदेशगमन, धर्मांतरितांना परत घेणे, एकत्र जेवणे आणि आंतरजातीय विवाह, अशी ही यादी आहे. शास्त्रार्थाची गुंतागुंत निरक्षर श्रोत्यालाही बोटांवर मोजता यावी, अशी ही मांडणी होती. ध्वनिवर्धक नसलेल्या सभेत असा एकेक शब्द घरी नेता येई. वक्ता स्वतः स्थानबद्ध असल्याने ‘बंदी’ हा शब्द श्रोत्यांना अधिक जाणवत असणार.

७/
व्याख्यानाला टाळी मिळणे सोपे होते. अडचण होती ती व्याख्यान संपल्यावर. शाळांत अस्पृश्यांच्या मुलांना वेगळे बसविले जाई; कोठे पडवीत, कोठे वर्गाबाहेर. सार्वजनिक शाळा, धर्मशाळा, पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ सालीच मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला होता. गावोगावी तो कागदावरच होता. सर्व जातींची मुले सरमिसळ बसावीत, यासाठी सावरकरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सभा घेणे, पालकांची समजूत घालणे, अधिकाऱ्यांकडे अर्ज करणे आणि पुन्हा सभा घेणे, असा हा क्रम होता.

८/
दुसरी वाट सणांची. दसऱ्याला सोने वाटण्यास आणि संक्रांतीला तिळगूळ देण्यास ते अस्पृश्य मंडळींना बरोबर घेऊन स्पृश्यांच्या घरी जात. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला परत पाठविणे घरधन्याला जड जाते, हे जाणून केलेली ही योजना. कोणी अंगणापर्यंत येऊ देई, कोणी ओटीपर्यंत, कोणी माजघरापर्यंत. स्त्रियांसाठी सर्व जातींची हळदीकुंकवे झाली. अंगणापासून माजघरापर्यंतचे ते अंतर ओलांडण्यास काही घरांना वर्षे लागली.

९/
त्यानंतर पानाचा प्रश्न. सप्टेंबर १९३० मध्ये, गणेशोत्सवाच्या सुमारास, रत्नागिरीत पहिले उघड सर्वजातीय सहभोजन झाले. ही कल्पना देशात नवी नव्हती. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ सालीच चेराई येथे असे मिश्रभोजन घडवून जातीचा बहिष्कार ओढवून घेतला होता. पंजाबात संतराम यांचे जात-पात तोडक मंडळ १९२२ पासून कार्य करीत होते. रत्नागिरीतही पंक्तीला बसणाऱ्यांना आपापल्या ज्ञातीच्या रोषाला तोंड द्यावे लागले. व्याख्यान ऐकल्याने कोणी वाळीत पडत नसे, पंक्तीला बसल्याने पडे.

१०/
येथे एक दुसरे नाव घ्यावयास हवे : भागोजी बाळोजी कीर. रत्नागिरीच्या भंडारी समाजातील गरीब घरचा हा मुलगा मुंबईत मोठा बांधकाम व्यावसायिक झाला. दादरच्या शिवाजी पार्कजवळील स्मशानभूमी त्यांच्याच दातृत्वातून झाली. रत्नागिरीच्या किल्ल्यावर त्यांनी भागेश्वराचे देऊळ बांधून घेतले होते, पण रूढीप्रमाणे तेथील गाभाऱ्यात पूजेचा अधिकार त्यांच्या जातीला नव्हता. स्वतःच्या पैशाने बांधलेल्या देवळात दुय्यम ठरलेल्या या माणसाला सावरकरांच्या सात बेड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

११/
भागोजीशेठांच्या खर्चाने पतितपावन मंदिर उभे राहिले. १० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी मंदिर खुले झाले. येथे लक्ष्मीनारायणाच्या मूर्ती आहेत आणि कोणत्याही जातीच्या हिंदूला दर्शनाचा व पूजेचा सारखाच अधिकार आहे. जुनी देवळे उघडण्याचा आग्रह धरला की कज्जे आणि मारामाऱ्या होत. १९२४–२५ सालचा वायकोमचा सत्याग्रह आणि १९३० पासूनचा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डोळ्यांपुढे होताच. रत्नागिरीत निवडली गेली ती नवे देऊळ बांधण्याची वाट.

१२/
या निवडीत सोयही होती आणि मर्यादाही. नव्या देवळात अडविणारा कोणी नसतो, म्हणून जुन्या देवळातला अडविणारा आपल्या जागी तसाच राहतो. तरीही मंदिर ही रोज उघडणारी वास्तू आहे. सभा वर्षातून चार वेळा होते, घंटा रोज वाजते. १९३३ साली याला जोड मिळाली ती अखिल हिंदू उपाहारगृहाची. तेथे अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस चहाफराळ देई. सावरकरांना भेटावयास येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा, असा पायंडाच पडला होता. सुधारणेवर भरभरून बोलणाऱ्या पाहुण्यांची परीक्षा त्या एका कपावर होई.

१३/
व्याख्यानाचा आवाज रत्नागिरी ओलांडत नव्हता. लेखणी ओलांडत होती. अंदमानच्या आठवणी ‘केसरी’तून आल्या आणि १९२७ साली ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. १९३४ साली सरकारने हा ग्रंथ जप्त केला. धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांनी मुंबईत १९२७ साली ‘श्रद्धानंद’ साप्ताहिक काढले. त्यातही सावरकर लिहीत, अनेकदा टोपणनावाने. स्वतःच्या नावाने बोलण्याची एक हद्द होती आणि टोपणनावाने लिहिण्याची दुसरी. दोहोंच्या मधल्या पट्टीत त्यांचे बरेच लेखन झाले.

१४/
त्यांचा सर्वांत अनपेक्षित वाचक लाभला तो ‘किर्लोस्कर’ मासिकामुळे. शं. वा. किर्लोस्कर यांचे हे मासिक किर्लोस्करवाडीहून निघे. नांगर आणि यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याच्या ‘खबरे’तून ते वाढले होते आणि त्याचा वाचक नव्या पद्धतीने जगू पाहणारा मध्यमवर्ग होता. या वाचकाला सावरकरांनी सांगितले की, गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजा नको. ग्रंथ जुना म्हणून प्रमाण मानू नये. आज उपयोगी काय, ते प्रयोगाने ठरवावे. सनातनी संतापले आणि मासिकाचा अंक अधिक आतुरतेने वाचला गेला.

१५/
रंगभूमी हे तिसरे साधन. १९२७ साली ‘संगीत उःशाप’ आले, त्याचा विषय अस्पृश्यतेचा. १९३१ साली ‘संगीत संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा बुद्धकालीन, पण शस्त्रत्याग योग्य की अयोग्य हा त्यातला वाद १९३१ च्या प्रेक्षकाला ताज्या वर्तमानपत्रातला वाटावा असा होता. व्यासपीठावरून जे बोलता येत नव्हते, ते पात्रांच्या तोंडी घालता आले. राजकारणाची बंदी नाटकाच्या पडद्याने थोडी सैल केली.

१६/
भाषाशुद्धीची चळवळही याच वर्षांतली. फारसी-अरबी व इंग्रजी शब्दांऐवजी संस्कृतमूलक शब्द वापरावेत, हा तिचा आग्रह. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा असे शब्द या मोहिमेने रुळविले. कवी माधव जूलियन, म्हणजे फारसीचे प्राध्यापक मा. त्रिं. पटवर्धन, आधी या विचाराच्या विरोधात होते; नंतर तेच तिचे पुरस्कर्ते झाले. लिपिसुधारणेत सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचविली : इ, उ, ए ऐवजी अि, अु, अे. जुळाऱ्याच्या पेटीतले खिळे कमी व्हावेत, छपाई स्वस्त व्हावी, हा हेतू. ‘किर्लोस्कर’ने ही पद्धत वापरून पाहिली. आज त्यांतले अनेक शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. ती बाराखडी मात्र जुन्या अंकांतच उरली.

१७/
हा सारा उद्योग चालू असताना पोटापाण्याचे काय? वकिली बंद, पदवी रद्द. १९२९ पासून सरकारकडून दरमहा ६० रुपयांचा भत्ता मिळू लागला. ज्या सरकारने स्थानबद्ध केले त्याच सरकारचा भत्ता, ही गोष्ट टीकाकारांनी त्यांच्याविरुद्ध मांडली. उपजीविकेचे सर्व मार्ग सरकारनेच बंद केले होते, असे समर्थकांनी उत्तर दिले. दोन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून आहेत. त्यांपैकी एक लपवून दुसरे सांगितले की इतिहासाची वकिली होते.

१८/
१ मार्च १९२७ रोजी गांधीजी रत्नागिरीत होते. ते सावरकरांच्या घरी जाऊन भेटले. अस्पृश्यता आणि शुद्धी या विषयांवर बोलणे झाले. पहिल्यावर दोघांचे ध्येय जुळत होते, दुसऱ्यावर मतभेद होता. तीन वर्षांनी मिठाच्या सत्याग्रहात याच जिल्ह्यातले शिरोडे पेटले. आगरांकडे सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. त्या वेळी जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध राजकीय पुरुष अटींनी बांधलेला होता. आयुष्याचा पूर्वार्ध ज्या गोष्टीसाठी घालविला, ती शेजारच्या किनाऱ्यावर घडत असताना तो सहभोजनाच्या तयारीत होता.

१९/
त्याच रत्नागिरीत आणखी एक माणूस अस्पृश्यतेशी झुंजत होता, तो व्यासपीठावाचून. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे भंगीकाम जातीवरून ठराविक कैद्यांनाच दिले जाई. ते काम आपणांसही मिळावे, अशी ब्राह्मण कुळातल्या अप्पांची मागणी. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपवास सुरू केला. एकाने जात मोडावयास वाणी वापरली, दुसऱ्याने झाडू मागितला. कोकणच्या समाजसुधारणेचा इतिहास या दोघांना वेगळे काढून लिहिता येत नाही.

२०/
या कार्याची सर्वांत कसोशीची तपासणी केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. १९३३ साली किल्ल्यावरील मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याच्या समारंभास सावरकरांनी त्यांना निमंत्रण दिले. पूर्वनियोजित कामांमुळे येता येत नाही, असे कळवून बाबासाहेबांनी उत्तरात मुद्दा स्पष्ट केला. अस्पृश्यता जाणे पुरेसे नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे. हे ओळखणाऱ्या थोड्यांत सावरकर आहेत, याबद्दल त्यांनी समाधान दर्शविले. मात्र गुणांवर आधारलेले का होईना, पण चातुर्वर्ण्याची परिभाषा ते अजून वापरतात, याबद्दल खेदही व्यक्त केला.

२१/
आणखी एक मर्यादा शब्दातच आहे. मंदिर ‘अखिल हिंदू’, उपाहारगृह ‘अखिल हिंदू’. रत्नागिरीच्या मांडवीपासून खाडीकाठच्या मोहल्ल्यांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुसलमान या ‘अखिला’च्या बाहेर होता. सहभोजनाबरोबरच शुद्धीची चळवळही चालू होती. येथे येण्यापूर्वी, बंदिवासातच, त्यांनी ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ लिहिला होता आणि तो १९२३ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाला होता. जातिभेद मोडणे हे माणुसकीसाठी, की हिंदूंच्या संघटनेसाठी? सावरकरांच्या लेखनात दोन्ही कारणे आहेत. कोणते कारण वरचढ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

२२/
१९३७ साली प्रांतांत नवी राज्यव्यवस्था आली. मुंबईत काँग्रेसने अधिकार घेण्यापूर्वी सर धनजीशा कूपर यांचे अल्पायुषी मंत्रिमंडळ बनले. त्यातील मंत्री जमनादास मेहता यांच्या आग्रहाने १० मे १९३७ रोजी सावरकरांवरील बंधने उठली. त्याच डिसेंबरात ते अहमदाबादच्या अधिवेशनात हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९३८ साली मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी लेखकांना लेखणी सोडून बंदूक घेण्याचे आवाहन केले. तेरा वर्षे जो लेखणीवर जगला, त्याने बंधने उठताच दिलेला हा पहिल्या काही मोठ्या सल्ल्यांपैकी एक.

२३/
सभा मोठ्या झाल्या, श्रोते देशभरचे झाले. आणि येथेच पारडे फिरले. पक्षात सनातनीही होते आणि सुधारकही. दोघांना एका छत्राखाली ठेवायचे होते. प्राचीन मंदिरांत अस्पृश्यांच्या प्रवेशाची कायद्याने सक्ती करण्याच्या बाजूने महासभा जाणार नाही, असे आश्वासन त्यांनी अध्यक्ष म्हणून दिले. त्यांचे स्वतःचे मत बदललेले नव्हते. पण रत्नागिरीत दारोदार तिळगूळ घेऊन जाणाऱ्याला मतांची जुळवाजुळव करायची नव्हती. पक्षाध्यक्षाला ती करायची होती.

२४/
सरकारने त्यांना राजकारणातून दूर ठेवले ते त्यांचा आवाज निष्फळ करण्यासाठी. प्रत्यक्षात, जेथे बोललेला शब्द त्याच संध्याकाळी पंक्तीत बसून खरा करावा लागत होता, अशा एकाच ठिकाणी तो आवाज तेरा वर्षे राहिला. राजकीय सभेत ऐकणाऱ्याकडून मत, वर्गणी किंवा घोषणा मागितली जाते. रत्नागिरीच्या सभेत घरातली ओटी, मुलाच्या शेजारची जागा आणि ताटातला घास मागितला जात होता. ही मागणी अधिक अवघड होती, म्हणूनच मिळालेला प्रतिसाद संख्येने थोडा असूनही मोलाचा ठरतो.

२५/
सावरकरांचे समर्थक रत्नागिरीचे पर्व सांगून पुढचे राजकारण झाकतात आणि विरोधक पुढचे राजकारण सांगून रत्नागिरी झाकतात. पतितपावन मंदिर दोघांच्या मधे उभे आहे. ते एका स्थानबद्ध वक्त्याच्या शब्दांनी, एका भंडारी धनिकाच्या पैशाने आणि ज्ञातीचा रोष पत्करून पंक्तीला बसलेल्या अनेक निनावी रत्नागिरीकरांच्या धैर्याने उभे राहिले. पहिले नाव सर्वांना ठाऊक आहे, दुसरे काहींना. तिसऱ्या गटातल्यांनी ना भाषणे केली, ना ग्रंथ लिहिले. व्याख्यान खरे ठरले की नाही, याचा निर्णय मात्र त्यांनीच दिला.

(समाप्त)